पिकलेलं पाणी

सकाळी उठल्या उठल्या सिस्टर चहाचा कप घेऊन मागच्या बागेत गेली. काल दिवसभर कंबर कसून केलेलं काम उजेडात कसं दिसतंय ते तिला बघायचं होतं, आणि खरं सांगायचं तर कोणीतरी मागून येऊन 'वा' म्हणावं असंही वाटत होतं. तळं देखणं दिसत होतं यात वादच नाही. बाबांनी ते बांधल्यापासून एवढं स्वच्छ कधी झालं नसेल. कडेचे दगड उजळले होते, भिंतींवरचं शेवाळ गेलं होतं, आणि पाणी इतकं नितळ की तळाशी टाचणी पडली तरी दिसावी. त्या नितळ पाण्यात सगळे मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते. एक पिवळा मासा कडेला आडवा झाला होता आणि मधूनच उगाच शेपूट हलवत होता.

माणूस धापा टाकायला लागला की काय करायचं हे सिस्टरला झोपेतही ठाऊक होतं. माशांचं काय करायचं, हे काही ठाऊक नव्हतं. तिने कप दगडावर ठेवला आणि भावाला हाक मारली.

'सिस्टर' हे नाव भावानेच पाडलेलं. एक तर ती सख्खी मोठी बहीण, त्यातून मोठ्या शहरातल्या इस्पितळात ऑपरेशनच्या वॉर्डाची मुख्य नर्स, त्यामुळे नाव तिला दोन्हीकडून चिकटलं. तोंडावर तो तिला ताईच म्हणायचा. त्याचं स्वतःचं नाव घरात बाळ्या. केस पिकले, पंप आणि मोटारी दुरुस्तीचं स्वतःचं वर्कशॉप झालं, तरी बाळ्याच. काल वर्कशॉपमधून रात्री उशिरा आल्यामुळे त्याने तळं अजून पाहिलं नव्हतं. तो तोंडात ब्रश धरूनच बाहेर आला. पंप चालू आहे का ते आधी बघितलं, कारण जगातली सगळी दुखणी पंपातून निघतात अशी त्याची समजूत. पंप चालू होता. मग त्याने गाळणीच्या पेटीचं झाकण उचललं आणि ब्रश तोंडातून काढला.

"ताई, आतले स्पंज काळे होते ना गं?"

"धुतले," सिस्टर म्हणाली. "नुसते धुतले नाहीत, उकळून काढले."

बाळ्या तिच्याकडे बघतच राहिला. उकळले म्हणजे किती वाईट झालं, हे त्यालाही नीटसं माहीत नव्हतं, पण बाबांनी कधी असं केलं नव्हतं एवढं माहीत होतं. तळ्याची भिंत कशाने घासली, असं त्याने विचारलं. ब्लीचिंग पावडरने, आणि मग दोनदा धुऊन घेतली, असं तिने सांगितलं. पाणी? ते सगळं उपसून बागेत सोडलं आणि नळाला पाइप लावून नवं भरलं. मासे तेवढा वेळ टबात होते, संध्याकाळी परत सोडले. हे सगळं ती वॉर्डातल्या ड्यूटीचा अहवाल द्यावा तशा सुरात सांगत होती, आणि सांगता सांगताच तिच्या तोंडचं पाणी पळत चाललं होतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. बाळ्याची बायको कालचा दिवस आणि रात्र इस्पितळात बाबांजवळ बसून सकाळच्या बसने परतली होती. दुपारी इस्पितळाची गाडी बाबांना घरी आणणार, म्हणून ती पुढे आली होती. खांद्यावरची पिशवी खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही. तळ्यावर एक नजर टाकून ती तडक मागच्या भिंतीकडे गेली, जिथे झाडांसाठी पिंपात पाणी साठवलेलं असायचं.

"हे शिळं आहे, यातलं नळाचं औषध उडून गेलंय, चालेल," ती म्हणाली. "अहो, टब आणा. आणि तुमचं ते बुडबुड्यांचं मशीन."

पुढचा तासभर तिघांपैकी कोणी वाकडं बोललं नाही. बाळ्याने वर्कशॉपमधून हवेचं मशीन आणलं, भावजयीने पिंपाचं पाणी टबात ओतलं, आणि सिस्टर गुडघाभर पाण्यात उतरून जाळीने एकेक मासा उचलत राहिली. तिचे हात असे होते की घाबरलेलं पोरही त्यांत शांत व्हायचं. पण जाळीत आलेले निम्मे मासे आधीच सैल पडलेले होते. कल्ल्यांच्या कडा लाल झाल्या होत्या. सर्वांत मोठा मासा, पांढरा, डोक्यावर शेंदरी ठिपका असलेला, ज्याला बाबा 'म्हातारी' म्हणायचे, तो जाळीत मावला नाही. सिस्टरने त्याला दोन्ही हातांनी उचललं. त्याचं तोंड एकदा उघडलं आणि मग मिटलंच नाही. टबापर्यंत नेलं खरं, पण तिला कळलं होतं. मेलेलं अंग हातात आलं की वजन बदलतं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

टबात तीन छोटे मासे तरले. बाकीचे बादलीत होते आणि बादलीवर भावजयीने फडकं टाकलं.

मग चौघं स्वयंपाकघरात बसली. चौथी आत्या, बाबांची पाठची बहीण, भाऊ घरी येणार म्हणून आदल्या रात्रीच येऊन राहिलेली. तिला ऐकू कमी यायचं, पण जे ऐकू येऊ नये ते बरोबर यायचं. चहा झाला, कोणी घेतला नाही. खिडकीतून ते चकचकीत तळं दिसत होतं आणि कोणाला तिकडे बघवत नव्हतं.

"दुपारी बाबा येणार," बाळ्या म्हणाला. "आणि पहिल्यांदा काय बघायला मागणार, ते सांगायला नको."

सांगायला नकोच होतं. तीन महिन्यांपूर्वी बाबांच्या डोक्यात रक्ताची गाठ अडकली, उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर सगळी भाषा गेली. ज्या माणसाने उभं आयुष्य फळांच्या वखारीत ओरडून सौदे केले, त्याच्या तोंडात आता जेमतेम मूठभर शब्द उरले होते. त्यातले दोन तळ्याचे. इस्पितळात सिस्टर उशाशी बसली की ते तिचा हात धरायचे आणि मोठ्या कष्टाने म्हणायचे, "पाणी. पिकलं." एकदा नाही, रोज. डोळ्यांत अशी काही निकड असायची की ती दर वेळी म्हणायची, हो बाबा, मी बघते. आणि तिने बघितलं होतं. आधीच्या शुक्रवारी ती या घरी आली, तळं हिरवंगार, स्पंज काळेकुट्ट, पाण्याला मातीचा वास, हे सगळं पाहिलं आणि तिची खात्रीच पटली. वॉर्डात जखम पिकली म्हणजे काय करायचं? उघडायची, आतलं सगळं काढून टाकायचं, धुऊन कोरडी करायची. तिने तळ्याचं तेच केलं. हात धुऊन मागे लागणं हा तिचा स्वभावच होता, आणि आजवर त्याने कोणाचं वाईट झालं नव्हतं.

पण बाळ्याच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. गेले पंधरा दिवस भावा-बहिणीत एकाच गोष्टीवरून तणातणी होती. बाबा इथे राहणार की तिच्याकडे? सिस्टरचं घर चौथ्या मजल्यावर, पण तिथे लिफ्ट आहे, औषधं आहेत आणि ती स्वतः आहे. बाळ्याचं म्हणणं, बाबा तळ्याशिवाय जगणार नाहीत. आई गेल्यावर लोक प्रवासाला जातात, नाही तर पोरांच्या घरी जाऊन राहतात, बाबांनी फावडं घेऊन खड्डा खणला. दहा वर्षं ते त्या काठावर बसले. वादात हा एकच मुद्दा असा होता की त्यावर सिस्टर गप्प व्हायची.

"आता तळं नाही," बाळ्या हळू म्हणाला. "म्हणजे तुझं काम सोपं झालं, ताई."

सिस्टरला आधी वाक्य समजलंच नाही. समजलं तेव्हा भावाच्या अंगावर ओरडावं एवढाही जोर तिच्यात नव्हता, आणि मनातून कुठेतरी तिला वाटलं की दुसऱ्या कोणी केलं असतं तर आपणही असंच म्हटलं असतं. बोलली ती भावजय, आणि तिच्याकडून कोणाची तशी अपेक्षा नव्हती. नणंद-भावजयीचं कधी फार जमलं नव्हतं. भावजय आपल्याला पाण्यात बघते असं सिस्टर स्वतःच चारचौघांत म्हणायची.

"ताईंनी मुद्दाम केलेलं नाही," भावजय म्हणाली. "आणि त्यांना बाबांना न्या असं मीच सांगितलं होतं. फोन करून."

बाळ्याने मान वर केली.

"मला उचलवत नाही हो त्यांना," ती नवऱ्याकडे न बघता पुढे म्हणाली. "तुम्ही वर्कशॉपमध्ये असता. इस्पितळात दोन आया लागतात एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर करायला. इथे मी एकटी. तुम्हाला कसं सांगणार? तुम्ही म्हणाला असता, माझ्या बापाचं ओझं झालं का. म्हणून त्यांना सांगितलं, आणि माझं नाव घेऊ नका म्हणून गळ घातली. त्यांनी नाही घेतलं."

बाळ्या टेबलावरच्या कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मला विचारायचं तरी, असं काहीसं तो पुटपुटला, पण त्यात दम नव्हता. आपली बायको तीन महिने रात्री इस्पितळात आणि दिवसा शिलाई मशीनवर बसते आहे, हे त्याला दिसत होतं आणि त्याने त्याकडे बघितलं नव्हतं. रागवायला आता त्याच्याकडे कोणीच उरलं नाही. सिस्टरला भावजयीचा हात धरावासा वाटला. एवढ्या वर्षांत तसा कधी धरला नव्हता, म्हणून आताही धरला नाही.

मग बाळ्याने सुचवलं की गाडी यायला अवकाश आहे, रंगीत माशांच्या दुकानातून तसेच मासे आणून सोडावेत. बाबांची नजर आता पूर्वीसारखी नाही. पांढऱ्यावर शेंदरी ठिपका, असा एखादा मिळेलच.

"त्यांनाही हेच पाणी मारणार," भावजय म्हणाली.

आत्या इतका वेळ एकेकाच्या तोंडाकडे बघत बसली होती. आता तिने कानामागे हात धरला. "पण मला आधी हे सांगा, एवढं धुवायला काढलंच का? घाण झालं होतं का ते?"

सिस्टर तिच्या कानाजवळ वाकली. "बाबाच म्हणायचे, आत्या. रोज म्हणायचे, पाणी पिकलं."

"मग?"

"मग म्हणून साफ केलं."

आत्याने तिच्याकडे असं बघितलं जसं पोर शाळेतून उलटा जोडा घालून आलंय. "अगं पोरी, पिकलं म्हणजे झालं. तयार झालं. आमच्या वखारीत दुसरा काय अर्थ होता त्याचा? कच्चे घड यायचे, पेंढ्यात झाकून ठेवायचे, आणि तुझा बाप रोज आत जाऊन अंगठ्याने दाबून बघायचा. पिकलं म्हणाला की आम्हाला सुट्टी. तेवढा एक शब्द तो लाडाने म्हणायचा."

भावजयीने दोन्ही हात तोंडावर धरले, कारण तिला आता आठवलं, आणि मग आठवेल तसं ती सांगत गेली. तळं नवं बांधलं तेव्हा बाबांनी दोन महिने त्यात मासाच सोडला नव्हता. नुसतं पाणी भरून काठावर बसायचे. शेजारी हसायचे, मोकळ्या तळ्याला राखण कशाला म्हणून. बाबा म्हणायचे, पिकू दे आधी. त्या काळ्या स्पंजांत, दगडांवरच्या त्या बुळबुळीत थरात काहीतरी जिवंत धरतं, आणि माशांची घाण तेच खातं. म्हणून स्पंज तळ्याच्याच पाण्यात बादलीत बुचकळून पिळायचा, नळाखाली धरायचा नाही. पाणी बदलायचं तर थोडं, तेही पिंपात मुरवलेलं. हे सगळं त्यांनी सुनेला करून दाखवलं होतं, आणि गेले तीन महिने ती तसंच करत आली होती. नणंदेला सांगायचं राहून गेलं. नणंद तळ्याला हात लावेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. आजवर तिने त्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं.

सिस्टर उठून नळाशी गेली आणि उगाच हात धुऊ लागली. पिकलं. तिच्या वॉर्डात हा शब्द ऐकला की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. त्याच शब्दाने एक माणूस तिला रोज सांगत होता की माझं चांगलं चाललंय, माझं तळं छान आहे, काळजी करू नकोस. त्याच्याजवळ जे दोन शब्द शाबूत होते ते तो तिच्यासाठी खर्च करत होता. आणि ती काय म्हणत होती? हो बाबा, मी बघते. लहानपणी ती वखारीत कधी पाऊल ठेवायची नाही, फळांच्या वासाने डोकं उठतं म्हणायची. बापाची भाषा तिने शिकलीच नव्हती. तिला रडू आलं, आणि नळ चालू असल्यामुळे ते निदान आत्याला ऐकू गेलं नाही.

एक गोष्ट तिने अजून घरात सांगितली नव्हती. घरी न्या असं डॉक्टर म्हणाले तेव्हा बाळ्याला त्यात सुटका ऐकू आली. सिस्टर त्याच धंद्यातली, म्हणून तिला त्यांनी बाजूला घेऊन उरलेलं सांगितलं. हृदय थकलंय. महिना मिळाला तरी पुष्कळ समजा.

दुपारी गाडी आली. दोन माणसांनी बाबांना चाकांच्या खुर्चीत बसवलं. तीन महिन्यांत ते अर्धे झाले होते. आत्याने त्यांच्या गालावर हात फिरवला. त्यांनी सगळ्यांकडे बघितलं, डाव्या बाजूने हसले, आणि अपेक्षेप्रमाणे डावा हात उचलून मागच्या दाराकडे दाखवलं.

बाळ्या पुढे झाला. बाबा, आधी जरा पडा, मग नेतो, असं काहीतरी त्याने सुरू केलं. सिस्टरने त्याला बाजूला सारलं आणि खुर्चीचे दांडे स्वतः धरले. वॉर्डात नातेवाइकांना जे वाईट सांगावं लागायचं ते ती नेहमी दाराबाहेर, उभ्याने, दोन वाक्यांत सांगायची. आज ती खुर्ची थेट काठापर्यंत घेऊन गेली, चाकं अडकवली, आणि बाबांच्या समोर जमिनीवर बसली.

"मी केलं, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही म्हणायचात पाणी पिकलं. मला वाटलं नासलं. मी सगळं उपसलं, सगळं घासलं. मासे गेले. तीन आहेत टबात. म्हातारीही गेली."

एवढं लांब वाक्य बाबांना समजतं की नाही, याची डॉक्टरांनाही खात्री नव्हती. त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग तिच्या डोक्यावरून पलीकडे, पाण्याकडे. किती तरी वेळ ते तळ्याचा तळ बघत होते, जो त्यांना दहा वर्षांत दिसला नव्हता. डाव्या डोळ्यातून पाणी आलं आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही. दारात उभ्या असलेल्या बाळ्याने तोंड फिरवलं. सिस्टरला वाटलं, आता यांनी मला इथून जा म्हणावं. तेवढा एक शब्द यांच्याकडे शिल्लक असेल तर तो मला मिळावा.

बाबांनी डावा हात खाली सोडला. तो पाण्यापर्यंत पोहोचेना, म्हणून तिनेच त्यांचं मनगट धरून बोटं पाण्यात बुडवली. त्यांनी अंगठा बोटांवर चोळून बघितला. कपाळावर आठी आली, राग नव्हे, वखारीत माल तपासताना असायची तशी.

"कच्चं," ते म्हणाले.

"हो बाबा."

त्यांनी ओला हात उचलून तळव्याने दाबल्यासारखं केलं. हात लावू नको, असू दे. मग बराच प्रयत्न करून दोन बोटं वर केली. तिला आधी वाटलं दोन मासे म्हणतायत. त्यांनी मान हलवली आणि बोटं पुन्हा पाण्याकडे केली, पुन्हा वर. दोन महिने. पिकायला दोन महिने लागतात.

त्यांचा चेहरा आता शांत झाला होता. त्यांच्या लेखी हिशेब सरळ होता. माल कच्चा आहे, थांबायचं. ते आयुष्यभर थांबत आले होते, त्यांना त्यात नवीन काही नव्हतं. ते तिच्याकडे बघत होते, समजलं का असं विचारत. आजवर कोणी एवढ्या विश्वासाने तिला काही विचारलं नव्हतं, आणि उत्तर फक्त तिला माहीत होतं.

"थांबू या," ती म्हणाली. "दोन महिने काय, जातील बघता बघता."

बाळ्या जवळ आला आणि त्याने हळूच विचारलं की खोली कोणती लावायची, का उद्याच शहराकडे न्यायचं. सिस्टरने न वळता सांगितलं की पलंग या मागच्या खोलीत लाव, खिडकीशी, आणि दुसरा माझ्यासाठी. रजा मिळेल का, असं त्याने विचारलं. बघते, ती म्हणाली, आणि आपण तोच शब्द पुन्हा वापरला हे तिच्या लक्षात आलं. भावजय आतून शाल घेऊन आली, तिने ती बाबांच्या पायांवर टाकली आणि जाता जाता नणंदेच्या खांद्यावर हात ठेवून गेली.

बाबा पाण्याकडे बघत राहिले. त्यात एकही मासा नव्हता तरी बघत राहिले. सिस्टर त्यांच्या खुर्चीला टेकून बसली आणि वॉर्डात बसायची तशी, त्यांच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, तिने त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली.